दुखणं हाताचं, प्रश्न कामाचा

(छत्रपती संभाजीनगर इथं टंकलेखन, डीटीपी आणि कार्यालयीन काम करणाऱ्या बायकांची बैठक झाली. त्या बैठकीतल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)

मैत्रिणींनो,

मला भाषणाची सवय नाही. माझं आयुष्य दुसऱ्यांची भाषणं टाइप करण्यात गेलं. आज मला विषय दिलाय तो ‘बोलून टाइप करणं’ हा. म्हणजे मोबाइलच्या किंवा संगणकाच्या माइकसमोर बोलायचं आणि पडद्यावर अक्षरं उमटतात ते. गेली काही वर्षं मी ते करते. त्याचा मला फायदा झाला, तो सांगणारच आहे. पण सुरुवात माइकपासून नाही करत, मनगटापासून करते. कारण मनगट दुखलं नसतं तर मी माइककडे गेलेच नसते.

१९८९ साली मी औरंगपुऱ्यातल्या एका टायपिंग क्लासमध्ये नाव घातलं. तेव्हा आपलं शहर औरंगाबाद होतं. वडील म्हणाले, लग्न होईपर्यंत हाताला काहीतरी कौशल्य असू दे. मराठी ३०, इंग्रजी ४० अशी दोन्ही सर्टिफिकिटं काढली. मग जिल्हा न्यायालयाबाहेर एका काकांच्या टेबलावर बसले. प्रतिज्ञापत्रं, वाटणीपत्रं, पोटगीचे अर्ज. कितीतरी बायकांच्या संसाराचं तेव्हा काय झालं, ते माझ्या बोटांखालून गेलंय. पुढे विद्यापीठाच्या बाजूला एका डीटीपीच्या दुकानात लागले. तिथं प्रबंध टाइप करायचे. तीनशे-चारशे पानांचा एकेक प्रबंध, आणि सगळ्यांना तो कालच हवा असायचा.

टाइपरायटर गेला, संगणक आला, तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. किती हलक्या कळा! जोर लावायला नको, कार्बन घालायला नको, चूक झाली तर पुसता येते. खरं होतं ते. पण एक गोष्ट आमच्या लक्षात आली नाही. टाइपरायटर आम्हाला थांबवत होता. ओळ संपली की घंटी वाजायची, डाव्या हाताने रूळ मागे सारायचा. पान संपलं की कागद काढायचा, नवा लावायचा, कार्बन सरळ करायचा. दर दोन-चार मिनिटांनी बोटांना वेगळं काही काम मिळायचं. संगणकावर ओळ आपोआप खाली येते, पान आपोआप पुढे जातं. बोटं मात्र तीच, तिथंच, तशीच चालतात. यंत्राने कष्ट कमी केले आणि विसावाही काढून घेतला.

त्यात आपली लिपी. ‘स्त्री’ हा शब्द घ्या. इन्स्क्रिप्ट कळफलकावर स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी अशा सहा कळा एकेक करून दाबल्या की एक अक्षर पुरं होतं. स्त्रीमुक्ती लिहिणाऱ्या बाईच्या बोटांचा हिशेब कुणी केलाय का?

मला त्रास सुरू झाला तो रात्री. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर व्हायची, मुंग्या यायच्या. झोपेतून उठून हात झटकायचे. मग एक दिवस पाण्याचा तांब्या हातातून सुटला. सासूबाई म्हणाल्या, ‘‘लक्ष कुठंय तुझं?’’ लक्ष तांब्यातच होतं, हातात बळ नव्हतं.

दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘मिस्टर काय करतात?’’ तुमच्यापैकी किती जणींना हा प्रश्न विचारला गेलाय? हात वर करा. बघा! मिस्टर काय करतात हे सांगून झालं. मी काय करते, दिवसाला किती तास, कसल्या खुर्चीवर, हे विचारलंच नाही. ‘‘या वयात बायकांना होतं असं. हाताला विश्रांती द्या.’’ गोळ्या लिहून दिल्या. मी घरी येऊन ज्वारीचं पीठ मळलं, भाकऱ्या थापल्या, धुणं पिळलं. विश्रांती संपली.

नंतर मी या विषयावर वाचायला लागले, तेव्हा एका माणसाचं नाव कळलं. बर्नार्डिनो रामाझ्झिनी, इटलीतला वैद्य. कामामुळे होणाऱ्या आजारांवर त्याने १७०० साली एक ग्रंथ लिहिला. त्यात त्याने वैद्यांना सांगितलं, रोग्याला बाकीचे प्रश्न विचारता तसा आणखी एक विचारा: तू काम काय करतोस? तीनशे वर्षं झाली. आमच्यापर्यंत तो प्रश्न अजून यायचाय.

त्याच ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत त्याने लेखनिकांच्या दुखण्यावर प्रकरण घातलं. कारणं तीन दिली: सतत बसणं, हाताची एकाच तऱ्हेची न थांबणारी हालचाल, आणि चूक होऊ नये म्हणून मनावरचा ताण. आपल्याच दुकानात बसून लिहिलंय असं वाटतं! त्याच्या ओळखीच्या एका लेखनिकाची गोष्टही त्यात आहे. त्याचा उजवा हात लिहून लिहून गेला. मग त्याने डाव्या हाताने लिहायची सवय केली. काही दिवसांनी डाव्यालाही तेच दुखणं लागलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी पुन्हा तिच्याकडे येणार आहे.

आता दुखण्याविषयी थोडं. मनगटाच्या आत हाडांचा आणि पट्ट्याचा एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणारे स्नायुबंध जातात आणि एक नसही जाते. तिथं सूज आली की नस दाबली जाते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, करंगळी सहसा सुटते. रात्री त्रास वाढतो. याला कार्पल टनेल म्हणतात. हा पुरुषांपेक्षा बायकांना जास्त होतो. गरोदरपण, थायरॉइड, मधुमेह यांच्याशीही त्याचा संबंध असतो, म्हणून प्रत्येक वेळी दोष कळफलकाचाच असं म्हणता येत नाही. अंगठ्याच्या मुळाशी दुखणं वेगळं, कोपराचं वेगळं, मानेतून हातात उतरणारी कळ वेगळी. म्हणून बधिरपणा टिकला, पकड कमी झाली तर तपासून घ्या. अंगावर काढू नका. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी स्वतःहून सांगा: मी इतके तास टाइप करते, शिवाय घरी इतक्या भाकऱ्या थापते, इतकं धुणं पिळते. मनगटाला ऑफिस वेगळं आणि घर वेगळं कळत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच पाळी.

हे दुखणं ‘नाजूक बायकांचं’ म्हणून उडवून लावणं फक्त आपल्याकडचं नाही. १९८०च्या दशकात ऑस्ट्रेलियात कळफलकावर काम करणाऱ्या हजारो जणांचे हात दुखायला लागले, त्यात बायकांची संख्या मोठी होती. ‘कांगारूचा पंजा’ म्हणून त्यांची टिंगल झाली. काही डॉक्टर म्हणाले, हे हातात नाही, डोक्यात आहे. तिथल्या बायकांनी आणि कामगार संघटनांनी आधारगट काढले, माहितीपत्रकं वाटली, कामाचा वेग आणि सुट्टी यांवर बोलणं सुरू केलं. त्याच्या बऱ्याच आधी, १९०८ साली, ब्रिटनमध्ये तारयंत्र चालवणाऱ्यांच्या हाताचं दुखणं कामाचा आजार म्हणून भरपाईच्या यादीत आलं होतं. आणि युरोपात १९९० साली नियम झाला की पडद्यासमोरचं काम अधूनमधून थांबलं पाहिजे, किंवा मध्ये वेगळं काम मिळालं पाहिजे. म्हणजे दुखणं खरं आहे हे मान्य करून घेता येतं. पण कुणी आपणहून मान्य केलेलं नाही.

आता माइककडे येते.

माझी भाची शिकायला आमच्याकडे राहते. एका संध्याकाळी मी हाताला पट्टी बांधून एका संस्थेचा अहवाल टाइप करत होते. ती म्हणाली, ‘‘आत्या, बोलत का नाहीस? मोबाइलच्या कळफलकावर माइकचं चित्र आहे, ते दाब आणि बोल.’’ मी म्हटलं, इंग्रजीचं असेल ते. ती म्हणाली, मराठी कळतं त्याला. मी भीत भीत एक वाक्य बोलले. ते वाक्य पडद्यावर आलं. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

हे यंत्र एका दिवसात आलेलं नाही. अमेरिकेत जेम्स आणि जॅनेट बेकर या नवरा-बायकोने १९८२ मध्ये ड्रॅगन नावाची कंपनी काढली. त्यांचा १९९० सालचा प्रोग्राम नऊ हजार डॉलरचा होता, आणि त्याच्यासमोर एकेक शब्द सुटा, थांबून थांबून बोलावा लागे. सलग बोललेलं समजणारा प्रोग्राम त्यांनी १९९७ मध्ये आणला. आपल्या मराठीची पाळी यायला आणखी वीस वर्षं लागली. गूगलने बोलून टाइप करायच्या भाषांत मराठी घातली ती ऑगस्ट २०१७ मध्ये. आता ती साध्या मोबाइलवर आहे, आणि संगणकावर गूगल डॉक्समध्येही आहे.

माझ्या अनुभवातून काही गोष्टी सांगते. एकेक शब्द तोडून बोलू नका, अख्खं वाक्य आधी मनात जुळवा आणि मग सलग बोला. यंत्र आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, सुटा शब्द त्याला कळत नाही. पंख्याखाली आणि रस्त्याच्या खिडकीत बसू नका. विरामचिन्हं, नावं, आकडे नंतर हाताने घाला. आणि डीटीपीवाल्यांसाठी: बोलून आलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. छपाईचं काम श्रीलिपीत असेल तर तो बदलून घ्यावा लागतो, आणि बदलताना जोडाक्षरं आणि रफार फुटतात. ते तपासायचा वेळ हिशेबात धरा.

पण मैत्रिणींनो, इथून पुढचं मी जास्त महत्त्वाचं समजते.

व्यासांनी महाभारत सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकलीय. गणपतीची अट होती की माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यासांनी उलट अट घातली की अर्थ समजल्याशिवाय लिहायचं नाही. मोबाइलमधल्या गणपतीला पहिली अट पाठ आहे, दुसरी ठाऊक नाही. तो न समजता लिहितो.

मी आता आठवड्यातून दोन दिवस एका मदत केंद्रात बायकांचे अर्ज लिहून देते. एकदा एका बाईची हकिगत मी माइकवर सांगितली. घाईत होते, वाचलं नाही. छापून तिच्या हातात दिलं. ती सातवी शिकलेली, बोट ठेवून वाचत गेली आणि एका ओळीवर थांबली. म्हणाली, ‘‘ताई, मी असं नव्हते म्हणाले.’’ मी सांगितलं होतं, ‘त्याने मला मारलं.’ यंत्राने लिहिलं होतं, ‘त्याने मला मानलं.’ पुढच्याच ओळीत ‘सवत आणली’चं ‘सोबत आणली’ झालं होतं. एका अक्षराने तिचा सगळा संसार सुखाचा करून टाकला होता! तो कागद तसाच पुढे गेला असता तर?

तेव्हापासून माझा नियम आहे. बोलून लिहिलेला प्रत्येक अर्ज त्या बाईला मोठ्याने वाचून दाखवायचा. पोलिसांवरही कायद्याने हे बंधन आहे: दखलपात्र गुन्ह्याची तोंडी दिलेली खबर लिहून घेतली की ती देणाऱ्याला वाचून दाखवायची आणि एक प्रत फुकट द्यायची. आपण पोलिसांकडून जे मागतो, ते आधी आपण करू या.

दुसरी गोष्ट भाषेची. ‘काहून करायली अशी?’ असं आपल्याकडची बाई सहज म्हणते. माझ्या मोबाइलला ते कळत नाही. तो त्याचं भलतंच काहीतरी करतो. मग मी नकळत पुस्तकातलं मराठी बोलायला लागते, आणि तिच्या हकिगतीतले तिचे शब्द जातात. आपल्या शहरात दखनी बोलणाऱ्या बायका आहेत, तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या आहेत. त्यांचं बोलणं यंत्राच्या सोयीसाठी सरळ करायचं नाही. तिचा नेमका शब्द असेल तिथं हात दुखला तरी चालेल, तो शब्द हाताने टाइप करायचा. हात वाचवायचे ते अशाच कामासाठी.

तिसरी गोष्ट गुपिताची. टाइप करताना शेजारच्याला काही कळत नाही. बोलताना भिंतीलाही कळतं. शिवाय आपण बोलतो तो आवाज बहुतेक वेळा इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जातो. लैंगिक अत्याचार झालेल्या बाईची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. म्हणून माइकवर तिचं नाव, गाव, नवऱ्याचं नाव कधीच बोलायचं नाही. ‘अबक’ म्हणायचं आणि नंतर हाताने भरायचं. ज्या हकिगतीत नाव नसतानाही ओळख पटेल, ती माइकवर घ्यायचीच नाही.

आता रामाझ्झिनीच्या त्या लेखनिकाकडे येते. उजवा हात गेला, त्याने डाव्याला जुंपलं. आपण हात गेला म्हणून गळ्याला जुंपणार आहोत का? पहिल्या महिन्यात मी तेच केलं. सहा-सहा तास एकसुरी आवाजात बोलत बसायचे. आवाज बसला, घसा धरला. शिक्षिका मैत्रिणींना हे दुखणं चांगलंच माहीत आहे. आता मी वीस मिनिटं बोलते, थांबते, पाणी पिते, मग थोडा वेळ दुरुस्त्या करते. कुजबुजत बोलायचं नाही, त्यानेही गळ्यावर ताण येतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. जे काम मला चार तासांचं होतं, ते बोलून अडीच तासांत होऊ लागलं. मी दुकानाच्या मालकांना आनंदाने सांगितलं. मालक म्हणाले, ‘‘छान झालं की ताई! मग रोज आणखी पन्नास पानं घ्या.’’ आणि महिन्याभराने, ‘‘आता काय, नुसतं बोलायचं तर आहे,’’ म्हणून पानामागचे पैसे कमी केले. वाचलेला दीड तास माझ्या हाताचा होता. तो दुकानाने घेतला. दुरुस्त्या करायला पुन्हा हातच लागले, आणि दुखणं परत आलं.

तेव्हा मला कळलं की माझ्या मनगटाचं दुखणं कळफलकात जेवढं होतं, तेवढंच पानामागच्या दरात होतं. दर पानाला असतो, थांबण्याला नसतो. म्हणून आपण थांबत नाही. कळफलक बदला, खुर्ची बदला, माइक आणा. वाचलेला वेळ जर विसाव्याला मिळणार नसेल, तर नवं यंत्र म्हणजे जुन्या दुखण्याला नवी जागा.

यावर आम्ही चौघीजणी एकत्र बसलो. एकटीने मागितलं असतं तर ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणाले असते. चौघींनी मिळून सांगितलं: दर पूर्वीचाच राहील. बोलून आलेल्या मजकुराची दुरुस्ती हे वेगळं काम आहे, त्याचे पैसे वेगळे. तासाला दहा मिनिटं उठायचं. खुर्ची अशी हवी की पाय जमिनीला टेकतील आणि कोपर कळफलकाच्या उंचीला येईल. महिनाभर घासाघीस झाली. दर पूर्वीचा मिळाला, दहा मिनिटं मिळाली, खुर्च्या दोनच आल्या. दुरुस्तीच्या पैशांवर बोलणं अजून चालू आहे.

घरातही बसून बोलावं लागलं. घरातलं जास्त कठीण गेलं. आता धुणं मुलगा पिळतो. भाकऱ्या आठवड्यातून तीन दिवस मिस्टर करतात. जाड होतात, पण होतात.

जाता जाता एक सांगते. आम्ही टायपिंग शिकलो तेव्हा ‘डिक्टेशन’ या शब्दाचा अर्थ ठरलेला होता. साहेब सांगणार, बाई लिहिणार. सांगणं म्हणजे डोकं आणि लिहिणं म्हणजे नुसते हात, असं मानलं जायचं. आज बाई सांगते आणि यंत्र लिहितं. ज्या बाईला लिहिता येत नाही, तीही आपली हकिगत आपल्या तोंडाने कागदावर आणू शकते. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी घरातल्यांनी टिपून ठेवली म्हणून १९५२ साली पुस्तक निघालं. ज्यांचं टिपून घ्यायला घरात कुणी नव्हतं, अशा किती जणी गेल्या असतील? म्हणून हे साधन मला हवंय. आपल्या अटींवर हवंय.

तर आज घरी जाण्याआधी प्रत्येकीने एक करायचं. शेजारी बसलेल्या मैत्रिणीला विचारायचं, तू काम काय करतेस, दिवसाला किती तास, आणि कुठं दुखतं? मिस्टर काय करतात ते विचारायचं नाही. जे कळेल ते वहीत लिहून घ्या. हात दुखत असेल तर बोलून लिहा, पण तिला वाचून दाखवा. पुढच्या बैठकीला त्या वह्या घेऊन या. आपल्या दुखण्याची नोंद आपणच केली पाहिजे. ती हातात असली की डॉक्टरांसमोर आणि मालकासमोर आपल्याला नुसतं ‘दुखतं हो’ म्हणावं लागणार नाही.

माझा आवाज बसायला लागलाय. इथंच थांबते.